जीवाणूंची पुडी की हिरवी वैरण?



गाईला गवत पचत नाही, असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल. पण ते खरे आहे. गवतातील सेल्युलोज फोडणारे विकर गाईच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील, म्हणजे कोठीपोटातील, सूक्ष्मजीव करतात. तेथे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते आणि प्राणवायू जवळजवळ नसतोच. येथील जीवाणू चारा आंबवून अॅसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लहान मेदाम्ले बनवतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग या आम्लांतूनच मिळतो.

याच जीवाणूंचे दुसरे एक काम अधिक गाजले. चाऱ्यातील व पेंडीतील असंपृक्त मेदाम्ले ते हायड्रोजन जोडून संपृक्त करतात. १९६६ मध्ये केप्लर, टोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ब्युटिरिव्हिब्रिओ फायब्रिसॉल्व्हेन्स हा जीवाणू लिनोलेइक आम्लावर हे काम करताना वाटेत त्याचे एक वेगळे रूप तयार करतो. त्यालाच पुढे संयुग्मी लिनोलेइक आम्ल, थोडक्यात सी.एल.ए., हे नाव रूढ झाले. १९८७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात पॅरिझा व त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांवरील प्रयोगांत या आम्लामुळे त्वचेवरील गाठींचे प्रमाण कमी झालेले आढळले. मग साहजिकच विचार पुढे आला, की असे उपकारक जीवाणू, म्हणजेच प्रोबायोटिक, गाईला चारले तर दूध अधिक गुणकारी होईल.

कल्पना मोहक आहे. परंतु माझे स्पष्ट मत असे, की गोठ्यातला पहिला रुपया पुडीवर नव्हे, वैरणीवर खर्च व्हावा. त्याची कारणे पाहा.

कोठीपोट ही रिकामी बरणी नव्हे. तेथील एका मिलिलिटर द्रवात अब्जावधी जीवाणू असतात. गच्च भरलेल्या एस.टी.त नव्या उतारूला जागा मिळू नये, तसे बाहेरून आलेल्या जीवाणूचे होते. तो टिकतो केव्हा? इतरांना न खाता येणारे अन्न त्याला तेथे मिळते तेव्हा. सुबाभळीचे उदाहरण घ्या. तिच्यातील मिमोसीन या द्रव्यामुळे ऑस्ट्रेलियातील गुरे आजारी पडत; हवाई बेटांवरील शेळ्या मात्र तोच पाला खुशाल खात. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात हवाईतील जनावरांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियातील गुरांना दिले आणि त्यांचा त्रास थांबला. मिमोसीनपासून पोटात तयार होणारे विष हेच त्या जीवाणूचे अन्न होते, म्हणून तो तेथे नांदला. १९९२ मध्ये त्याला सिनर्जिस्टिस जोन्सिआय हे नाव मिळाले.

सी.एल.ए.ची गोष्ट उलट आहे. ते बनवणारे जीवाणू गाईच्या पोटात आधीपासूनच आहेत. शिवाय दुधातील बरेचसे सी.एल.ए. कोठीपोटात तयारच होत नाही. जीवाणूंनी बनवलेले व्हॅक्सेनिक आम्ल रक्तावाटे कासेत पोहोचते आणि कासेतील विकर त्याचे सी.एल.ए. करते. उणीव असते ती कच्च्या मालाची. हिरव्या कुरणात चरणाऱ्या गाईच्या दुधात सी.एल.ए. वाढते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

आता थोडे गणित करा. दुधाच्या मेदात सी.एल.ए. साधारण अर्धा टक्का असते. ४ टक्के मेदाच्या एक लिटर दुधात सुमारे ४० ग्रॅम मेद, म्हणजे सी.एल.ए. फक्त ०.२ ग्रॅम. उंदरांवरील निष्कर्ष माणसांत अजून पक्के सिद्ध झालेले नाहीत. म्हणून 'औषधी दूध' म्हणण्याची घाई नको.

याचा अर्थ पुडी सदैव निरुपयोगी, असा नव्हे. जनावराने एकदम फार धान्य खाल्ले तर पोटात लॅक्टिक आम्ल साचते. ते खाऊन टाकणारा मेगास्फेरा एल्सडेनिआय हा जीवाणू दिल्याने लाभ झाल्याचे प्रयोग आहेत. तेथेही त्याचे अन्न समोर वाढलेले असते, हे ध्यानात घ्या.

तेव्हा उद्या घरी कोणी अशी पुडी आणली, तर तीन प्रश्न जरूर विचारा. तुलनेसाठी पुडी न दिलेल्या गाई होत्या का? दोन्ही गटांना वैरण सारखीच होती का? पुडी बंद केल्यावर परिणाम किती दिवस टिकला? शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात फळ्यावर लिहावेत. उत्तरे मिळेपर्यंत पैसे खिशात राहू द्यावेत आणि दावणीत हिरवा चारा पडू द्यावा.