साभार पोच

नियतकालिकांच्या शेवटच्या पानांत ‘साभार पोच’ नावाची एक चौकट असते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, संपले. ज्या पुस्तकावर काही लिहायचे नाही हे आधीच ठरलेले असते, त्याची ही सभ्य बोळवण. त्यातही प्रकाशकाच्या जागी लेखकाच्या पत्नीचे किंवा मुलीचे नाव दिसले आणि पत्ता एखाद्या सोसायटीतल्या फ्लॅटचा असला, की जाणता वाचक मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातो. संपादकही बहुधा तेच करतात. यंदा आम्ही ही चौकट काढून टाकली आहे. लेखकांनी पदरचे पैसे घालून छापलेल्या पुस्तकांची परीक्षणे अंकाच्या मध्यभागी, कथा-लेखांच्या पंगतीत घेतली आहेत.

दिवाळी अंकात परीक्षणे कशाला, असा प्रश्न आमच्या जाहिराती सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने पहिल्याच बैठकीत विचारला. प्रश्न रास्त होता. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकाने नवे लेखन द्यावे अशीच वाचकाची अपेक्षा राहिली आहे, पुस्तकांवरचे लेखन तो रविवारच्या पुरवणीत शोधतो. पण पुरवण्यांतली पुस्तकांची जागा आक्रसत गेली, आणि जी उरली तिच्यावर पहिला हक्क नावाजलेल्या प्रकाशनांचा. दिवाळी अंक मात्र वाचनालयात पुढची दिवाळी येईपर्यंत हातोहाती फिरतो. ज्या पुस्तकाच्या तीनशे प्रती निघाल्या आणि त्यांतल्या दोनशे लेखकाच्या पलंगाखाली आहेत, त्याला अशीच टिकाऊ जागा हवी.

स्वखर्चाने छापले म्हणजे कुणी तरी नाकारलेले असणार, हा समज मराठीत तरी टिकू नये. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली स्वतःच प्रसिद्ध केली. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ पदरमोड करून चालवले, खटले अंगावर घेऊन. अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ साली आली ती ‘क्लिअरिंग हाउस’कडून, म्हणजे कोलटकरांसह मोजक्या कवींनी आपली पुस्तके आपणच काढण्यासाठी उभ्या केलेल्या संस्थेकडून. दुसऱ्या वर्षी त्या पुस्तकाला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. ही नावे घेऊन आज घरोघरी निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला तेज चढत नाही, हेही खरेच. बहुतेक कवितासंग्रह छापले नसते तरी कुणाचे बिघडले नसते. आणि हे वाक्य नावाजलेल्या प्रकाशनांनाही तितकेच लागू आहे.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुस्तक छापून झाल्यावर त्याचे काय होते, हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा आणि त्या निमित्ताने पुण्याच्या एका पत्राने स्त्रीजातीवर घेतलेले तोंडसुख हे लेखनाचे कारण. भाषा अशी की आजही वाचताना चटका बसावा. वृत्तपत्रांनी पुस्तकाची जी संभावना केली, तिच्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या पुस्तकाची कड घेतली. पुढे सारे सामसूम. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तोवर मराठी समीक्षेच्या लेखी हे पुस्तक जवळजवळ नव्हतेच. ५०० प्रतींच्या पुस्तकाचा निकाल दोन-चार परीक्षणे लावू शकतात. मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक वाईट परीक्षणातूनही तरून जाते, कारण त्याच्यामागे दुकाने असतात, ग्रंथयात्रा असतात, नाव असते. घरी छापलेल्या पुस्तकाजवळ यांतले काहीच नसते.

जोतीरावांच्या स्वतःच्या पुस्तकांवर विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाले’त तुटून पडले होते, आणि त्यातला बराच मारा व्याकरणावर होता. पुस्तक काय म्हणते यापेक्षा ते कसे अशुद्ध म्हणते, यात शास्त्रीबुवांना रस. ही खोड अजून गेलेली नाही. परीक्षक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजत बसतो आणि पुस्तक वाचायचे राहून जाते. म्हणून परीक्षकांना आम्ही एक भेद करायला सांगितला: लेखकाची बोली वेगळी, आणि कुणीच मुद्रिते तपासली नाहीत ते वेगळे. अहिराणी वळणाचे वाक्य ही चूक नव्हे. पण जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये फिरवताना ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ आणि ‘शेतकऱ्या’चा ‘शेतकर्या’ होतो, अनुक्रमणिकेत पृष्ठांकांच्या जागी ओळीने शून्ये राहतात, एकच परिच्छेद दोनदा येतो. हा वाचकाचा अपमान आहे आणि तो परीक्षणात नोंदवलाच पाहिजे. डीटीपीवाल्याने केले म्हणून लेखक सुटत नाही. प्रकाशक आपणच झालो तर प्रकाशकाची कामेही आपलीच झाली. आमच्याकडे आलेल्या पुस्तकांपैकी फार थोड्यांना संपादकाचा हात लागलेला होता. प्रकाशन समारंभाचे हॉलभाडे, शाल-श्रीफळ, निमंत्रणपत्रिका यांत जो खर्च होतो, त्याच्या निम्म्यात एखादा चांगला मुद्रितशोधक मिळतो, हे कुणी तरी या मंडळींना सांगायला हवे. म्हणून मीच सांगतो.

आणि ‘स्वप्रकाशित’ तरी नेमके कशाला म्हणायचे? पुस्तकावर प्रकाशनसंस्थेचे नाव, बोधचिन्ह, मागे छापील किंमत, सगळे रीतसर. पण कागदाचे, छपाईचे आणि बांधणीचे पैसे लेखकाचे, वर शे-दोनशे प्रती त्याच्याच गळ्यात. कवितांच्या बाबतीत हा प्रकार इतका सर्रास आहे की कवींच्या गप्पांत ‘किती दिले?’ हा प्रश्न आता कुणाला खटकतही नाही. अशी पुस्तके परीक्षणाला येतात तेव्हा त्यांना प्रतिष्ठेच्या रांगेत जागा मिळते. ज्याने तेवढेच पैसे घालून, पण प्रामाणिकपणे स्वतःचे नाव टाकून पुस्तक काढले, तो ‘साभार पोच’मध्ये जातो. खर्च कुणाचा, यावरून पुस्तकाची प्रत ठरवायची तर सगळ्यांचीच पावती बघावी लागेल. आम्ही ती कुणाचीच बघितली नाही.

आलेल्या पुस्तकांचे ढीग विषयवार लावले तेव्हा मराठी माणूस स्वखुशीने काय लिहितो याचे चित्र समोर उभे राहिले. कविता आणि गझल सर्वांत जास्त, यात नवल नाही. त्यानंतर निवृत्तांची आत्मकथने, गावांचे इतिहास, कुलवृत्तांत, बोलींचे शब्दसंग्रह, डाळिंब-द्राक्षांच्या बागांचे अनुभव, बालकथा, भयकथा, रहस्यकथा. पीएच.डी.चे प्रबंध जसेच्या तसे, आयएसबीएनसह छापलेले, तेही बरेच. हा क्रमांक फुकट मिळतो आणि पदोन्नतीच्या गुणांसाठी लागतो, एवढेच ज्यांच्या जन्माचे कारण होते ते प्रबंध आम्ही बाजूला ठेवले.

नर्मदा परिक्रमेची पुस्तके एकीकडे काढली तर एक कप्पाच भरला. प्रत्येकावर वेगळे लिहिणे शक्य नव्हते, आणि इष्टही नव्हते. आमच्या परीक्षक बाईंनी ती सलग वाचली आणि मिळून एकच लेख लिहिला. अनुभव, भाव, चमत्कार बहुतेकांचे सारखे आहेत, हे त्यांनी आडपडदा न ठेवता म्हटले आहे. पण सरदार सरोवराच्या पाण्याने शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट बुडाल्यावर परिक्रमावासी कुठून वळतो, कुठल्या वस्तीवर थांबतो, कोण जेवू घालतो, हे एका सेवानिवृत्त टपाल कर्मचाऱ्याने मुक्कामवार टिपून ठेवले आहे. भक्तिरस थोडा कमी, पण उद्याच्या अभ्यासकाला हेच पुस्तक हुडकावे लागेल.

रहस्यकथांसाठी परीक्षक मिळेना. ज्यांना विचारले ते हसून म्हणाले, त्यावर काय लिहायचे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्यावर वाचक पोसला गेला, आणि आपल्या समीक्षेने त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही, ते याच हसण्यामुळे. शेवटी हे काम पोलिस खात्याची बातमीदारी केलेल्या एका पत्रकार मित्राने घेतले. त्याने व्यक्तिरेखांची मनोविश्लेषणात्मक खोली शोधली नाही. पंचनामा कुणी केला, मोबाइलचे लोकेशन अर्ध्या तासात कसे मिळाले, खुनी कोण हे साठाव्या पानावरच का कळते, असे प्रश्न विचारले. दोन लेखकांना ते झोंबतील. तिसऱ्याचे पुस्तक मात्र त्याने एका बैठकीत संपवले, आणि ते कसे जमले हे उलगडून दाखवले आहे. पाककृतींच्या पुस्तकाची परीक्षा चुलीवर आणि भयकथेची रात्री व्हावी, इतका साधा नियम आम्ही पाळला. एकाच मापाची पट्टी सगळ्यांना लावली नाही.

आता साक्री तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या पुस्तकाबद्दल, कारण या उपक्रमाची किंमत मला त्यात कळली. विषय पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची जुनी रीत. सुरुवातीची चाळीस पाने आमदारांपासून पतपेढीच्या अध्यक्षांपर्यंत सर्वांचे शुभसंदेश, मग वंशावळ, मग गुरुजींच्या सत्काराची छायाचित्रे. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी पुस्तक उघडले असावे असे त्यांच्या प्रस्तावनेवरून वाटत नाही. पण शंभराव्या पानाच्या पुढे गुरुजी मुद्द्यावर येतात आणि मग सोडत नाहीत. बंधाऱ्याखालच्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, फड कसे पाडले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे म्हणजे काय, प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी का असते, नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी ऊस कुठे आणि ज्वारी कुठे हे पंच कसे ठरवत. पाटकरी पाणी भरत जातो तो शेताचा मालक बांधावर हजर असो वा नसो. वशिल्याला जागाच नाही. पिकाची राखण करणाऱ्या जागल्याला धान्य किती, कुणी द्यायचे, हे त्यांनी वडिलांच्या वहीतून उतरवले आहे. संपादकाने ही पाने पुढे आणली असती आणि सत्कार गाळले असते, तर हे पुस्तक पाणीप्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असते. आज ते धुळ्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.

ठाऊक व्हायचे मार्गही कमी होत चालले आहेत. ‘स्त्री-पुरुष तुलने’च्या प्रती किती छापल्या, किंमत किती, यांसारख्या गोष्टी आपल्याला कळतात, कारण १८६७च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची नोंद होई आणि दर तिमाहीला यादी निघे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची दोन खंडांची सूची केली, तीत चोपड्या-पत्रिकाही सुटल्या नाहीत. १८६७चा कायदा आता गेला. त्याच्या जागी आलेला २०२३चा कायदा फक्त नियतकालिकांपुरता आहे. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, आणि घरचा प्रकाशक हाही त्यातून सुटत नाही. पण हे माहीत असलेला लेखक आम्हाला क्वचितच भेटला. अशा पुस्तकाचे छापील परीक्षण हीच पुष्कळदा त्याची एकमेव नोंद ठरणार आहे. म्हणून प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर प्रकाशनवर्ष, प्रतींची संख्या, छापखाना आणि पुस्तक कुठे मिळेल ते दिले आहे.

काही नियम आम्ही घालून घेतले. ज्याने प्रस्तावना किंवा मलपृष्ठावरचा मजकूर लिहिला, त्याच्याकडे परीक्षण द्यायचे नाही. लेखकाची जाहिरात त्याच अंकात घ्यायची नाही. यावर सहकाऱ्याचा चेहरा पडला, पण त्याने मानले. ‘स्तुत्य’, ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’ हे तीन शब्द बाद. नवा आहे, वयस्कर आहे, आजारी आहे, गावाकडचा आहे म्हणून सूट नाही. एका लेखकाने फोनवर विचारले, चांगले लिहिणार नसाल तर छापू नका, असे करता येईल का? नाही येणार. पुस्तकाला किंमत छापली की ते बाजारात आले. ते विकत घेणाऱ्याचाही काही हक्क असतो.

साक्रीच्या गुरुजींचे पुस्तक आम्ही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांकडे दिले होते. त्यांनी पद्धतीच्या वर्णनाला पैकीच्या पैकी गुण दिले, पण ज्यांची जमीन थळाच्या बाहेर होती किंवा ज्यांना जमीनच नव्हती त्यांना या व्यवस्थेत काय मिळाले, याबद्दल पुस्तक गप्प आहे, हे स्पष्ट लिहिले. शिवाय पृष्ठ १३२ वरचा नकाशा उलटा छापला गेल्याचे दाखवून दिले. त्यात पाट चढावर वाहतो. गुरुजी आधी रागावले, मग दोघांचे फोनवर लांबलचक बोलणे झाले. उरलेल्या प्रतींत गुरुजी दुरुस्त नकाशाची चिठ्ठी चिकटवत आहेत, आणि भूमिहीनांवरचे प्रकरण दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहायला घेतले आहे. दुरुस्त नकाशा या अंकात परीक्षणाशेजारी दिला आहे.

पुढच्या वर्षासाठी पुस्तके जूनअखेरपर्यंत पाठवावीत. प्रती दोन: एक परीक्षकाकडे राहते, दुसरी आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाते. सोबत शिफारसपत्र नको.