घरकुल की भट्टी?

शहाणे घर म्हणजे काय, याची एक नवी व्याख्या सध्या शहरांतून रूढ होत आहे. शब्द उच्चारताच ज्यातील दिवा लागतो आणि मोबाईलवरून ज्यातील वातानुकूलन यंत्र चालू-बंद होते, ते 'स्मार्ट' घर! यंत्रांच्या या प्रगतीशी आमचे वैर नाही. परंतु उन्हाळ्यात जेथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्या परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावी घराच्या शहाणपणाची कसोटी निराळी आहे. वैशाखातल्या दुपारी वीज गेली असता तान्हे मूल आणि थकलेला म्हातारा त्या घरात सुखाने निजू शकतो काय, ही ती कसोटी होय. सरकारी साहाय्याने आज जी घरकुले उभी राहत आहेत, ती या कसोटीस क्वचितच उतरतील, हे स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात समारंभपूर्वक महाराष्ट्रातील २० लाख कुटुंबांस घरकुलांची मंजुरीपत्रे देण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या १ लाख २० हजार रुपयांत राज्य सरकारने त्याच वर्षी आणखी ५० हजारांची भर घातली. पैकी ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छपरावरील सौर यंत्रणेसाठी. या औदार्याबद्दल सरकारचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु छपरावर काय बसवावे याचा विचार करणाऱ्यांनी ते छपरच तापू नये याचा विचार का करू नये?

आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात घरावर होणारा उष्णतेचा खरा हल्ला भिंतींवर नव्हे, छपरावर होतो. पत्रा घटकेत तापतो. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली ओकतो. अशा खोलीतील पंखा गरम वाराच फिरवणार! ऐपत असलेला मनुष्य मग यंत्र विकत घेतो आणि विजेचे बिल भरतो. ऐपत नसलेला अंगणात बाज टाकतो आणि सकाळी न झालेल्या झोपेसह मजुरीस जातो.

आमच्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. जाड भिंतींवर लाकडी तुळया, त्यांवर मातीचे माळवद, उंचावर झरोके, पुढे ओसरी, हे मराठवाड्याचे घर विजेवाचून थंड राही. मग लोकांनी ते का सोडले? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदांचे ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले, हजारो माणसे गाडली गेली, हे मराठवाडा कसा विसरेल? ती भीती रास्त आहे, आणि लोकांनी पुन्हा माळवदाखाली जावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, माती सोडताना तिच्यातील शहाणपण सोडण्याचे कारण नव्हते.

हे शहाणपण महागही नाही. स्लॅबवर चुन्याची पांढरी सफेदी, पत्र्याखाली हवेची पोकळी राखून एक हलके आढे, समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीस पडवीची वा झाडाची सावली, एवढ्याने घरातील उष्मा काही अंशांनी उतरतो. त्यानंतर यंत्राची पाळी. साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. दिवसास १२ तासांच्या हिशेबाने एका पंख्यामागे महिन्यास सुमारे १६ युनिटे वाचतात. आधी थंड छप्पर, मग काटकसरीचा पंखा आणि शेवटी सौर पट्टी, हा क्रम आहे. आपण तो उलटा धरला आहे.

कायद्याची दृष्टीही अशीच मोठ्या घरांवर खिळलेली दिसते. ऊर्जा बचतीसाठी केंद्राने २०१८ साली 'इको-निवास संहिता' काढली, ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी. २५ चौरस मीटरच्या घरकुलाने जावे कोठे? याउलट १९५६ पर्यंत ज्यांच्यासह आम्ही एका राज्यात नांदलो, त्या तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर करून सरकारी इमारतींस ते बंधनकारक केले. हैदराबादेस जे सुचले ते मुंबईस का सुचू नये?

आमची मागणी मोजकी आहे. मराठवाड्याच्या उन्हाचा आणि भूकंपाचा एकत्र विचार केलेले घरकुलाचे दोन-तीन नकाशे सरकारने तयार करून ते प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावेत. थंड छपरासाठी अनुदानात वेगळी रक्कम धरावी. लाभार्थ्याच्या हप्त्यातून ती कापू नये. आणि हप्त्यापूर्वी बांधकामाचे छायाचित्र घेण्यास जो अभियंता येतो, त्याने जोत्याच्या वेळीच खिडकी कोठे ठेवावी हे घरधन्यास सांगावे. एकदा ओतलेला स्लॅब चाळीस-पन्नास वर्षे बदलत नाही. या २० लाख घरांपैकी जी अद्याप बांधावयाची आहेत, त्यांच्याबाबत निर्णय करण्यास सरकारला पुढचा उन्हाळा येईपर्यंतचाच अवधी आहे. तो त्याने वाया दवडू नये.