टेन्युअरचं घड्याळ थांबतं, व्हिसाचं थांबत नाही

वसतिगृहातल्या एका धाकट्या मैत्रिणीने परवा विचारलं, “ताई, पीएचडीला अमेरिकेत जाऊ का?” ती केमिकल इंजिनिअरिंगची, घरातली पहिली पदवीधर. परीक्षा, शिफारसपत्रं, शिष्यवृत्ती यांची माहिती तिने आधीच गोळा केली होती. तिला विचारायचं होतं ते पुढचं: “मला प्राध्यापक व्हायचंय. तिथे आपल्यासारख्या मुलींचं पुढे काय होतं?”

प्रवेशापर्यंतचा रस्ता सांगणारे आता पुष्कळ आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत आणि त्यातल्या ३० टक्के स्त्रियांसाठी. पण शिष्यवृत्ती पदवीपाशी संपते. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल सांगणारं आपल्या घरांत कुणी नसतं.

अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग विभागांत पाच प्राध्यापकांमागे जेमतेम एक स्त्री आहे. गोऱ्या नसलेल्या आणि परदेशातून आलेल्या स्त्रिया वेगळ्या मोजल्या, तर अनेक विभागांत एखाददुसरीच सापडते. तिच्या आयुष्यात तीन घड्याळं एकदम चालू असतात.

पहिलं नोकरीचं. पीएचडी, मग पोस्टडॉक, मग सहायक प्राध्यापकपद. साधारण सहाव्या वर्षी विद्यापीठ ठरवतं, टेन्युअर म्हणजे कायमपद द्यायचं की निरोप. नकार आला तर बहुधा एक वर्षाची मुदत मिळते आणि नोकरी संपते.

दुसरं व्हिसाचं. शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं, इंजिनिअरिंगसारख्या विषयांत आणखी दोन. मग एच-१बी व्हिसा, तीन अधिक तीन अशी सहा वर्षं. त्यापुढे राहायचं तर ग्रीनकार्डची प्रक्रिया पुरेशी पुढे सरकलेली हवी. तिथेही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची आहे. विद्यापीठांना एच-१बीची लॉटरी लागू नाही. पण विभागात जीव रमेना म्हणून कंपनीत जायचं ठरवलं, तर लॉटरी समोर येते. नोकरी गेली तर हातात फार तर साठ दिवस.

तिसरं घड्याळ शरीराचं आणि घराचं. लग्न, मूल, गावाकडचे आईवडील. हे सगळं नेमकं त्याच वर्षांत येतं.

आता ही तिन्ही एकत्र ठेवून पाहा. मूल झालं तर बरीच विद्यापीठं टेन्युअरचं घड्याळ एक वर्ष थांबवतात. स्त्रियांच्या चळवळीने मिळवलेली ही सवलत मोलाची आहे. पण व्हिसाचं घड्याळ बाळंतपणासाठी थांबत नाही. सहकारी अमेरिकन स्त्रीला ज्या वर्षाने श्वास मिळतो, त्याच वर्षाने परदेशी स्त्रीची निकालाची तारीख व्हिसाच्या अखेरीपलीकडे जाऊ शकते. सवलत घ्यावी तरी पंचाईत, न घ्यावी तरी पंचाईत.

वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपलेली असली, तर गावी जाता येतं. परत येताना मात्र वकिलातीची तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं. इकडे वर्ग आणि प्रयोगशाळा चालूच असतात. इंजिनिअरिंगच्या संशोधनाला संरक्षण खात्याचा मोठा पैसा मिळतो, पण तरुण संशोधकांसाठीच्या त्यातल्या काही योजना नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच खुल्या आहेत. सहाव्या वर्षी समितीसमोर फाइल जाते तेव्हा त्यात निधीची रक्कम दिसते. कोणत्या योजनेचं दारच बंद होतं, हे त्या रकमेत दिसत नाही.

लग्न करून एच-४ व्हिसावर गेलेल्या स्त्रीची गोष्ट याहून अवघड. हाती पीएचडी असूनही, नवऱ्याचा ग्रीनकार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचेस्तोवर तिला कामाची परवानगी नाही. २०१५ पूर्वी तर या व्हिसावर काम करायची सोयच नव्हती. मधली रिकामी वर्षं पुढे बायोडेटावर ‘खंड’ म्हणून तिच्याच नावावर लागतात.

यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना इंग्रजीत ‘गळती’ म्हणतात. जणू पाणी आपोआप गळलं. तिने ‘कुटुंबाला प्राधान्य दिलं’, असंही म्हटलं जातं. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हा शब्दप्रयोग खटकतो. ज्या वेळापत्रकात घर सांभाळायला बायको आणि खिशात त्याच देशाचा पासपोर्ट गृहीत धरलेला आहे, त्यात न बसणारीची ‘निवड’ म्हणायची कशाला?

इथवरचं दुःख परदेशी स्त्रियांचं सामाईक आहे. आपल्या मुलींचं त्यापुढे सुरू होतं. अमेरिकेत १९७६ साली शर्ली मालकम आणि सहकाऱ्यांचा ‘द डबल बाइंड’ हा अहवाल आला. अल्पसंख्य समाजातली वैज्ञानिक स्त्री वंश आणि लिंग अशा दुहेरी कात्रीत सापडते, हे त्यात मांडलं होतं. पुढे ‘वुमन ऑफ कलर’ या छत्राखाली भारतीय स्त्रियाही आल्या. छत्र गरजेचंच आहे. पण त्याखाली आयआयटीतल्या प्राध्यापकाची मुलगी आणि शेतमजुराची मुलगी एकाच ‘एशियन’ रकान्यात मोजल्या जातात. अनुभवांचे अभ्यास होतात, मुलाखती होतात, आणि जात विचारायचीच राहून जाते. ती विचारली जाते ती दुसरीकडे: देशी मंडळींच्या जेवणात, पूर्ण नाव काय, घरी मांसाहार चालतो का, अशा साध्या वाटणाऱ्या प्रश्नांतून. परक्या देशात खोली, शिफारस, व्हिसाच्या वकिलाचं नाव हे सगळं याच ओळखींतून मिळतं. तिथे आडनाव लपवायचं की सांगायचं, हे तिचं चौथं ओझं.

स्त्री म्हटलं की सगळ्या एक, हे आपण कधी मानलं नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल तिने त्यात सांगितले. बाळंतपण सगळ्यांचं असतं, छप्पर सगळ्यांना नसतं. चौदा वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते मोठमोठ्या सर्वेक्षणांच्या रकान्यांत अजून उतरलेलं नाही.

थोडं काही हललं आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली. २०२३ मध्ये सिअॅटलने शहरापुरता कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक मात्र राज्यपालांनी परत पाठवलं. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुरेसे असते, तर आपल्या लोकांना ते मागावं का लागलं असतं?

परत यावं म्हटलं, तर इथलं दारही सताड उघडं नाही. केंद्रीय संस्थांतल्या अध्यापकपदांना आरक्षण देणारा कायदा २०१९ चा. तरी आयआयटींमधल्या राखीव जागा रिकाम्या राहतात आणि ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हे जुनं उत्तर पुन्हा ऐकू येतं. तिकडे व्हिसाने अडवलेली आणि इकडे गुणवत्तेच्या नावाने नाकारलेली उमेदवार एकच असू शकते.

म्हणून मागणी साधी आहे. परदेशी शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारने पदवीनंतर या मुलींचं काय झालं याची नोंद ठेवावी. परदेशातल्या आंबेडकरी संघटनांनी व्हिसा आणि टेन्युअरच्या सल्ल्यासाठी आपली वाट तयार करावी. आणि गौरेतर स्त्रियांवर संशोधन करणाऱ्यांनी भारतीय स्त्रीला जात विचारावी.

मैत्रिणीला मी म्हटलं, जा. पुढे नोकरी हातात येईल तेव्हा सही करण्याआधी विचार: ग्रीनकार्डचा अर्ज विद्यापीठ करतं का, कितव्या वर्षी करतं? बाळंतपणाची सवलत आपोआप मिळते की मागावी लागते? गेल्या दहा वर्षांत या विभागात किती परदेशी स्त्रिया कायम झाल्या? धोरणात जात हा शब्द आहे का? तिने वही काढली आणि चारही प्रश्न लिहून घेतले. मग म्हणाली, “ताई, पाचवा मी घालते. माझ्याआधी इथे आपली कोण होती?”