चुकलेली वाट कोण शोधणार?

गेल्या दोन दशकांत आपल्या देशात महामार्ग, उड्डाणपूल आणि मेट्रो यांची जेवढी चर्चा झाली, तेवढी रस्त्यांच्या आणखी एका जाळ्याची कधी झाली नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे. परंतु रेल्वेचे आरक्षण असो, वीजबिलाचा भरणा असो वा मंडईत भाजीवाल्याला मोबाइलवरून दिलेले वीस रुपये असोत, आपले बहुतेक व्यवहार आता या अदृश्य वाटांवरूनच जातात. वाट चालू असते तोवर तिचे अस्तित्व जाणवत नाही. ती बंद पडली की ‘नेटवर्क गेले’ एवढे दोन शब्द उच्चारून आपण मोकळे होतो. नेटवर्क ‘जाते’ म्हणजे नेमके काय होते आणि ते परत आणणाऱ्या अभियंत्यांना काय करावे लागते, याचा विचार सुशिक्षित समाजानेही फारसा केलेला नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे.

आपण पाठविलेला संदेश अखंड प्रवास करीत नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात आणि प्रत्येक पाकीट एका राउटरकडून दुसऱ्या राउटरकडे, असे टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. संपूर्ण वाट ठाऊक असलेला असा कोणी वाटाड्या या प्रवासात नसतो. शेजाऱ्यांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे प्रत्येक राउटर केवळ पुढचे पाऊल ठरवितो. हे झाले मार्गनिश्चितीचे काम. दुसरे काम दोन्ही टोकांच्या संगणकांचे. संभाषण सुरू करणे, हरवलेली पाकिटे पुन्हा मागविणे आणि संभाषण संपले की जोडणी नीट मिटविणे, ही जबाबदारी त्यांच्यावर असते. ही दोन्ही कामे संगणक-आज्ञावली करतात. आज्ञावली माणसे लिहितात आणि माणसांच्या हातून दोष राहतात. प्रश्न दोष राहतात की नाही हा नसून, ते शोधण्याची शिस्त आपल्यापाशी आहे की नाही, हा आहे.

तीन आकड्यांचे चक्र

इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अमेरिकेतील ‘अर्पानेट’ २७ ऑक्टोबर १९८० रोजी काही तास पूर्णतः ठप्प झाले. त्या जाळ्यातील प्रत्येक केंद्र आपल्या जोडण्यांची स्थिती इतरांना कळवीत असे आणि कोणता संदेश नवा, कोणता जुना, हे समजावे म्हणून त्यावर क्रमांक घालीत असे. हे क्रमांक ० ते ६३ असे घड्याळाप्रमाणे फिरत. घड्याळात अकरानंतर एक वाजू शकतो, तसा येथेही लहान क्रमांक मोठ्यापेक्षा नवा असू शकत होता. त्या दिवशी सदोष स्मृतीमुळे एकाच केंद्राचे तीन संदेश ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांनी एकाच वेळी फिरू लागले. ठरलेल्या नियमानुसार ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा! प्रत्येक केंद्राने प्रत्येक संदेश नवा मानला आणि कर्तव्यबुद्धीने पुढे पाठविला. या फेऱ्यात बाकीच्या वाहतुकीला जागाच उरली नाही.

या प्रसंगातील मर्म असे की, प्रत्येक केंद्र आपला नियम चोख पाळत होते. दोष कोणा एकाच्या वर्तनात नव्हता, तो नियमांच्या परस्परसंबंधात दडलेला होता. तारेवरून जाताना संदेश बिघडला तर तो ओळखण्याची सोय होती, परंतु केंद्राच्या स्मृतीत पडून असताना तो बिघडेल, हे कोणी गृहीत धरले नव्हते. अभियंत्यांनी त्या एका केंद्राच्या संदेशांकडे दुर्लक्ष करण्याची तात्पुरती आज्ञा सर्वत्र घातली आणि जाळे पूर्वपदावर आणले. पुढे १९८१ साली एरिक रोझन यांनी या बिघाडाचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. काहीही न लपविता लिहिलेला तो वृत्तांत नंतरच्या पिढ्यांसाठी पाठ्यपुस्तकासारखा ठरला.

पुन्हापुन्हा विचारण्याचा अनर्थ

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे आणखी एक विलक्षण प्रकार घडला. तेथील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचे. पण त्यांच्यातील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून अवघ्या ४० बिट्सवर कोसळला. तार तुटलेली नव्हती, यंत्रे बिघडलेली नव्हती. पाकीट पोहोचले नाही असे वाटताच प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवीत होता. गर्दीमुळे पाकिटे हरवत, हरवली म्हणून ती पुन्हा पाठविली जात आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढे. तिकीटखिडकीवर रेटारेटी करून कोणालाच तिकीट मिळू नये, तशी ही गत होती.

व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी या कोंडीचा माग काढला. त्यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला उपाय थोडक्यात सांगायचा, तर तो संयमाचा होता. संगणकाने आरंभ थोड्या पाकिटांनी करावा, पोच मिळत जाईल तसे प्रमाण वाढवावे आणि पाकीट हरवले तर वाटेत गर्दी आहे असे समजून आपण होऊन मागे सरावे. त्यासाठी एकही नवी तार टाकावी लागली नाही. दोन्ही टोकांच्या आज्ञावलीत थोडा विवेक घातला गेला आणि इंटरनेट वाचले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

ही जुनी, दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १२ एप्रिल २०२५ रोजी आपल्याकडील यूपीआयचे व्यवहार देशभर विस्कळीत झाले. त्यानंतरच्या कारणमीमांसेत असे समोर आले की, काही बँकांच्या प्रणाली ‘व्यवहाराचे काय झाले?’ अशी विचारणा पुन्हापुन्हा करीत होत्या. त्यात जुन्या व्यवहारांचीही भर होती. या विचारणांच्या लोंढ्याने मूळ यंत्रणाच गुदमरली. एनपीसीआयने पुढे अशा विचारणांवर मर्यादा घातल्या. ग्राहकाने एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहावी, ही ऑगस्ट २०२५ पासूनची मर्यादा त्याच धोरणाचा भाग आहे. एका अर्थी बर्कलेचा धडा चार दशकांनंतर आपल्याला नव्याने शिकावा लागला. तो सर्वांना उपलब्ध होता. परंतु मर्यादा आधी न घालता यंत्रणा कोलमडल्यावर घातली जाते, यात आपल्या कार्यसंस्कृतीचे एक वैगुण्य दिसते, हे मान्य केले पाहिजे.

विश्वासाला पडताळणीची जोड

इंटरनेट हे हजारो स्वतंत्र जाळ्यांचे जाळे आहे. ‘अमुक पत्ता माझ्याकडे आहे, त्याची पाकिटे माझ्याकडे पाठवा’ असे ही जाळी एकमेकांना ज्या नियमावलीने सांगतात, ती म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. जानेवारी १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर खरडला होता. त्या काळी सहभागी संस्था मोजक्या होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत होत्या. साहजिकच, जो जे सांगेल ते खरे मानावे, असा तिचा पाया राहिला. जाळे जगभर पसरले, पण पाया तोच राहिला.

त्याचे परिणाम २४ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिले. पाकिस्तान टेलिकॉमने सरकारी आदेशानुसार आपल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी वाट जाहीर केली. ती घोषणा देशाच्या सीमेत राहावयास हवी होती. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीने ती न तपासता पुढे पाठविली आणि सुमारे दोन तास जगातील यूट्यूबचे असंख्य प्रेक्षक पाकिस्तानच्या वाटेला लागले! १६ एप्रिल २०२१ रोजी भारतातील व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातूनही अशीच चूक झाली आणि ३० हजारांहून अधिक पत्तागटांच्या चुकीच्या वाटा जाहीर झाल्या. कोणी दुष्ट हेतूने हे केले असे नाही. मात्र चुकून जे होऊ शकते, ते शत्रू ठरवूनही करू शकतो, हे विसरून चालणार नाही.

यावर उपाय आहे. पत्ता कोणाचा, याचा सांकेतिक स्वाक्षरीने दाखला देणारी ‘आरपीकेआय’ ही पद्धत २०१२ मध्ये प्रमाणित झाली. ती संपूर्ण वाटेची हमी देत नाही, केवळ पत्त्याच्या मालकीची शहानिशा करते. तरीही यूट्यूबसारखे बहुतेक अपघात ती वेळीच अडवू शकते. अर्थात दाखला काढणे आणि दुसऱ्याचा दाखला तपासणे, या दोन्ही गोष्टी प्रत्येकाने कराव्या लागतात. आपल्या दूरसंचार कंपन्या, बँका, विद्यापीठे आणि शासकीय खाती यांनी त्या पूर्णत्वास न्याव्यात, हा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.

बिघाड झाकायचा की सांगायचा?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. नेहमीच्या देखभालीतील एका आज्ञेने कंपनीच्या अंतर्गत जाळ्याच्या सर्व जोडण्या तुटल्या. अशी आज्ञा अडविण्यासाठी असलेल्या तपासणी-आज्ञावलीतच दोष होता. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रात जावे लागले. हे सर्व आपल्याला ठाऊक आहे, कारण कंपनीने दुसऱ्याच दिवशी ते स्वतः जाहीर केले.

आपल्याकडे काय होते? सार्वजनिक सेवा बंद पडली की ‘तांत्रिक अडचण’ एवढे दोन शब्द हाती पडतात आणि सेवा सुरू झाली की विषय संपतो. वास्तविक आपल्यापाशी याहून चांगली परंपरा आहे. गंभीर रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. चौकशी करणारा स्वतंत्र असावा, हे तत्त्व आपण रुळांसाठी मानले. मग ज्या वाटांवरून देशाचा पैसा धावतो, त्यांच्यासाठी ते का मानू नये? सायबर सुरक्षेच्या घटनांची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ला देण्याचे बंधन २०२२ पासून आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु ती माहिती शासनापाशी जाते. ज्या नागरिकांचे व्यवहार अडकले, त्यांना आणि जे अभियंते त्यातून शिकू शकले असते त्यांनाही कारण कळावयास हवे.

दोष उघड केले तर शत्रूला आयती माहिती मिळेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. दुरुस्ती होईपर्यंत मौन पाळणे योग्यच होय. मात्र दुरुस्तीनंतरही मौन पाळले, तर तोच दोष दुसऱ्या संस्थेत तसाच राहतो आणि तो शोधण्याचे काम अखेर शत्रूकडे जाते. रोझन आणि जेकबसन यांनी लिहिले म्हणून जग शहाणे झाले.

शेवटी प्रश्न शिक्षणाचा आणि प्रतिष्ठेचाही आहे. महाराष्ट्रातील हजारो घरांतील मुलेमुली आज संगणक अभियांत्रिकी शिकतात. नवीन काही बांधणे त्यांना शिकविले जाते, पण बिघडलेले जाळे समोर ठेवून ‘दोष शोध’ असे किती प्रयोगशाळांत सांगितले जाते? नव्या ॲपच्या उद्घाटनाला मंत्री येतात. मध्यरात्री तासन्‌तास नोंदी वाचून चुकलेली वाट शोधणाऱ्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. तंत्रज्ञानातील स्वयंपूर्णतेची आपली आकांक्षा रास्त आहे. ती साधायची, तर निर्मात्याइतकाच मान दोष शोधणाऱ्याला मिळाला पाहिजे. तो देण्याची सुरुवात घराघरांतून आणि महाविद्यालयांतून करता येईल. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.