लॅव्हेंडरची जागा लोकरीच्या ट्रंकेत, डासांपुढे नव्हे

दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम येथील सज्ज्यांमध्ये अलीकडे लॅव्हेंडरची कुंडी वारंवार दिसू लागली आहे. जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातील भदरवाह येथे सीएसआयआरच्या अरोमा मिशनमुळे अनेक शेतकरी मक्याकडून लॅव्हेंडरकडे वळले. ही ‘जांभळी क्रांती’ २६ जानेवारी २०२४ रोजी कर्तव्यपथावरील चित्ररथातही अवतरली. एखाद्या पिकाविषयी शहरी नागरिकांना कुतूहल वाटावे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र हे रोप विकताना दोन आश्वासने सर्रास दिली जातात. रोप दारात असले की डास फिरकत नाहीत, हे पहिले. त्याची सुकी फुले ठेवली की कपड्यांना कसर लागत नाही, हे दुसरे. कीटकशास्त्राच्या कसोटीवर यांपैकी दुसरे अर्धे खरे ठरते आणि पहिले टिकत नाही. दिल्लीसारख्या डेंग्यूग्रस्त शहरात हा भेद स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

लॅव्हेंडरचे सुगंधी तेल फुलांच्या व पानांच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते. पान चुरडले किंवा फूल चोळले की ते मोकळे होते. एरवी उभ्या रोपातून हवेत मिसळणारे त्याचे प्रमाण अत्यल्प असते. सज्जात वारा खेळत असताना एवढ्याशा गंधाने डास परतून जाईल, ही अपेक्षा अवास्तव आहे. त्वचेला लावलेले तेल डासांना काही काळ दूर ठेवू शकते, परंतु त्यातील लिनॅलूलसारखे घटक लवकर उडून जातात आणि परिणाम ओसरतो. डेंग्यू पसरविणारा एडीस इजिप्ती हा डास तर दिवसा चावतो. अल्पकाळ टिकणाऱ्या सुगंधावर दिवसभर विसंबणे धोक्याचे आहे.

खरी विसंगती कुंडीच्या खाली असते. गच्चीवर डाग पडू नयेत म्हणून कुंडीखाली ताटली ठेवली जाते, तीत पाणी साचते, आणि असे स्वच्छ, स्थिर पाणी हीच एडीसच्या मादीची आवडती जागा होय. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्या अवस्थेत अनेक महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नसते, ताटली घासावी लागते. डास पळविण्यासाठी आणलेल्या रोपाखालीच डासांची पैदास व्हावी, हा प्रकार दुर्मीळ नाही. दिल्लीने १९९६ च्या साथीत दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू पाहिले आहेत; २०१५ मध्ये रुग्णसंख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली होती. रोपवाटिकांतील खरेदीला जोर येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नेमका डेंग्यूच्या हंगामात. सुदैवाने लॅव्हेंडरच्या मुळांनाही साचलेले पाणी मानवत नाही. ताटली काढून टाकण्यात रोपाचे आणि घराचे हित एकच आहे.

मग घरच्या लॅव्हेंडरचा उपयोग कोणता? त्याचे उत्तर दिल्लीच्या ऋतुचक्रातच आहे. हिवाळ्याच्या तोंडावर लावलेल्या रोपाला साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात आणि त्याच सुमारास होळीच्या आगेमागे लोकरीचे कपडे ट्रंकेत जातात. पुढे मे-जूनचा दाह आणि जुलै-ऑगस्टमधील दमटपणा या थंड, कोरड्या हवेच्या वनस्पतीला सोसत नाही. दिल्लीत ती बहुधा एका हंगामाचीच पाहुणी असते, हे गृहीत धरून तिची फुले वेळीच काढावीत.

काढणी सकाळी, दव सुकल्यानंतर आणि ऊन चढण्यापूर्वी करावी. दांड्यावरील एक तृतीयांश ते निम्म्या कळ्या उमलल्या असताना गंध चांगला मिळतो. पूर्ण फुललेला तुरा सुकताना गळतो. दांडा हिरव्या पानांच्या वर कापावा, खालच्या काष्ठमय भागाला कात्री लावू नये. लहान जुड्या बांधून त्या अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगाव्यात. मार्चच्या कोरड्या हवेत त्या लवकर सुकतात. दांडा कडकन मोडू लागला की फुले चोळून काढावीत आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावीत.

सर्व तुरे मात्र कापू नयेत. निदान एक तृतीयांश फुले झाडावर राहू द्यावीत. शहरात तग धरून असलेल्या फुलोरी आणि सातेरी मधमाश्यांना गच्चीवरील चार कुंड्यांचाही आधार होतो. याच कारणासाठी फुलोऱ्यातील रोपावर कीटकनाशक फवारू नये.

आता कसरीविषयी. लोकर खाते ती कसरीच्या पतंगाची अळी. प्रौढ पतंग काहीच खात नाही. घाम आणि अन्नाचे डाग असलेली लोकर अळीला विशेष प्रिय असते. म्हणून कपडे धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून आणि झटकून ठेवणे हा मुख्य उपाय, लॅव्हेंडर हा केवळ जोडीदार. मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेली सुकी फुले घट्ट बंद होणाऱ्या ट्रंकेत पतंगाला काही प्रमाणात परावृत्त करू शकतात. सतत उघडझाप होणाऱ्या कपाटात त्यांचा उपयोग सुगंधापुरताच. आत आधीच असलेली अंडी आणि अळ्या त्यांनी मरत नाहीत. शंका असल्यास कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावा. पुरचुंडी दर दोन-तीन महिन्यांनी चुरडावी आणि दरवर्षी बदलावी.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डांबराच्या गोळ्या काय वाईट, असे कोणी विचारील. या गोळ्यांतील नॅप्थॅलीन प्रभावी आहे, पण निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना संभाव्य कर्करोगकारकांत केली आहे. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांच्या तांबड्या रक्तपेशी नॅप्थॅलीनमुळे फुटू शकतात, आणि गोळ्यांत ठेवलेले कपडे व पांघरुणे वापरल्याने असे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तान्ह्या बाळाची दुलई गोळ्यांऐवजी लॅव्हेंडरच्या पुरचुंडीसह बंद डब्यात ठेवणे हा लॅव्हेंडरचा खरा घरगुती लाभ मानावा लागेल.

स्वयंपाकघरात मात्र सावधगिरी हवी. पानांच्या कडा दातेरी असतील तर ते लॅव्हेंडुला डेंटाटा होय. ते उष्णता थोडी अधिक सोसते, पण त्याच्या तेलात कापूर आणि सिनिओल अधिक असल्याने ते चहा किंवा मिठाईसाठी योग्य नाही. खाद्यवापरासाठी अरुंद, सलग कडांच्या पानांचे लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया हवे. नुकत्याच विकत आणलेल्या रोपावर कोणती औषधे फवारली आहेत हे कळत नसल्याने त्याची फुले खाऊ नयेत.

मराठी घरांना ही सारी विद्या नवी नाही. कपड्यांत वाळा, दवणा आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. लॅव्हेंडुला वंशातील काही जाती तर सह्याद्रीत निसर्गतः उगवतात. दिल्लीत लॅव्हेंडर जगले नाही तर वाळ्याच्या मुळ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

माझे म्हणणे विस्तारशिक्षणाशी निगडित आहे. कीटकनाशक विकण्यापूर्वी १९६८ च्या कीटकनाशी कायद्यानुसार परिणामकारकतेचा पुरावा देऊन नोंदणी करावी लागते. कुंडीतील रोपाच्या तोंडी दाव्याला असे कोणतेही बंधन नाही, आणि ते घालणे व्यवहार्यही नाही. ही पोकळी संशोधन संस्थांनीच भरली पाहिजे. शहरी बागकामाच्या प्रत्येक पत्रकात लागवड आणि काढणीबरोबरच ही वनस्पती काय करू शकत नाही, हेही लिहिले जावे. त्यातील पहिले वाक्य कुंडीखालच्या ताटलीविषयी असावे.