पूल कोण जपणार?



पुलाला छप्पर कशाला? वर्गात विचारून बघा. मुलं म्हणतील, माणसं भिजू नयेत म्हणून. खरं कारण वेगळंच आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मॅडिसन काउंटी आहे. तिथे पूर्वी छपराचे 19 लाकडी पूल होते. पुलाच्या तळाची जाड लाकडं महाग, छप्पर त्यामानाने स्वस्त. म्हणून ऊन-पाऊस-बर्फापासून तळ वाचवायला वर छप्पर! आज त्यातले 6 पूल उरलेत.

त्यातला सीडर पूल 1883 चा. 2002 मध्ये कोणीतरी तो पेटवला. लोकांनी 2004 मध्ये पुन्हा तसाच उभारला. 2017 मध्ये तो परत जळाला. या वेळी पकडली गेली तीन किशोरवयीन मुलं. 2019 मध्ये पूल पुन्हा उभा राहिला.

मला पुलापेक्षा त्या मुलांचा विचार जास्त छळतो. त्यांना पुलाचं महत्त्व माहीत नसेल, असं मी म्हणणार नाही. पण माहीत असणं आणि आपलं वाटणं यात फरक आहे ना? पाटी, कायदा, पहारा हवाच. पण तेवढ्याने पूल वाचत नाही.

‘ऐतिहासिक वास्तूंचे जतन करावे’ हे उत्तर आपली मुलंही पाठ करतात, मार्कही मिळवतात. त्याऐवजी एकदा त्यांना गावातल्या जुन्या पुलावर, नाहीतर विहिरीवर न्या. दगड मोजू द्या, चित्र काढू द्या, आजी-आजोबांना प्रश्न विचारू द्या. ज्या दगडावर मुलाने हात ठेवलाय, त्याची काळजी त्याला वाटू लागते. जतनाचा पहिला धडा तिथेच सुरू होतो.