फिजिक्स झेपत नाही, की झेपू देत नाहीत?

पाचगणीच्या बोर्डिंग शाळांच्या स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बायकांच्या मुली पसरणी घाट उतरून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जातात, तेव्हा सल्ला मिळतो : ‘फिजिक्स सोड, मुलींना झेपत नाही.’

का झेपत नाही? प्रॅक्टिकलला उपकरण मुलगे हाताळणार, मुलींनी नुसती रीडिंग लिहायची. उशीर झाला तर एस.टी. चुकणार, घरी जाब द्यावा लागणार. याला बुद्धीची उणीव म्हणायचे?

पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर. हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी शंभर नव्हे, ९६ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ शिजायला वेळ लागतो. आई हे रोज अनुभवते. त्यामागचे गणित मांडण्याचा हक्क मुलीला नको?

१९३० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणाऱ्या सी. व्ही. रामन यांनी १९३३ मध्ये बंगलोरच्या संस्थेत कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना केवळ बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर शिरल्या आणि पुढे केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

मैत्रिणींनो, प्राचार्यांना गाठू या. उपकरण प्रत्येकीच्या हातात हवे. प्रॅक्टिकल शेवटच्या एस.टी.आधी संपायला हवे. एवढे करा, मग झेपण्याचे बोला!